सांजेचे तीन तास

बाबू, लाखांदुरात खोली भाड्याने घेताय असं कळलं. तू आणि तुझ्यासारखेच पिणं सोडलेले आणखी काही जण. करा, मन लावून करा. माझी सारी नोकरी नर्स म्हणून दवाखान्यात गेली. पिणारी माणसं पाहिली, त्यांच्या उशाशी बसलेल्या बायका पाहिल्या, म्हणून काही गोष्टी सांगते. पहिली पक्की लक्षात ठेव, बाकीच्या तिच्यातूनच निघतात. दवाखाना दारू थांबवतो. पण घरी गेलेला माणूस पुन्हा पितो तो बहुतेक करून सांजेला, सहा ते नऊच्या दरम्यान. दिवसभर बांधीत काम असतं, रात्री झोप असते. मधल्या तीन तासांत पाय जुन्या वाटेला लागतात, कारण त्याच्या ओळखीची माणसं त्याच वाटेवर बसलेली असतात. घरी बायकोचा विश्वास उडालेला, पोरं दूर दूर राहणारी. मग त्याने जायचं कुठे? तुमची खोली त्यासाठी आहे.

म्हणून ती सांजेलाच उघडा आणि रोज उघडा. आठवड्यातून एकदा सभा, सतरंज्या, पाहुणे आणि बाकीचे सहा दिवस कुलूप, असं करू नका. दोनच माणसं आली तरी चालेल. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने पार खचलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभं राहिलं. त्यांना एवढंच उमगलं होतं, की दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलत बसलं की आपली स्वतःची वेळ टळते. आज ए.ए.च्या सभा जगभर भरतात, महाराष्ट्रातही भरतात. फी नाही, जात विचारत नाहीत, आडनाव विचारत नाहीत. पिणं थांबवायची इच्छा आहे, एवढं पुरतं. हा नियम जसाच्या तसा उचला.

सांजेचं महत्त्व आपल्या विदर्भाला नवं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना सांजेलाच ठेवली. गावातला माणूस त्या वेळी चांगल्या संगतीत बसावा, ही सोय त्यात आपोआप होते. आणि आपल्या नागपूर-भंडारा पट्ट्यात बाबा जुमदेवजींच्या परमात्मा एक मार्गाने कितीतरी घरांतली दारू गेली, हे तू डोळ्यांनी पाहिलंस. त्या मार्गात दारू, जुगार, सट्टा बंद करावा लागतो. पण नुसत्या बंदीने काम झालं असं मला वाटत नाही. तिथे एकटा माणूस सेवक, म्हणजे त्या मार्गाचा अनुयायी, होत नाही, घर सेवक होतं. बायको, आईबाप, पोरं सगळी चर्चा बैठकीला बसतात. गावाला कळतं की हे सेवकाचं घर, इथे पाहुण्याला दारू विचारायची नाही. तुमच्या खोलीत कोणत्याही धर्माचा, पंथाचा, कशालाच न मानणारा माणूस येईल, तेव्हा तिथे फोटो आणि आरती नको. पण घर सोबत घेण्याची ती रीत जरूर घ्या. युरोपातल्या झाग्रेब शहरात व्लादिमीर हुडोलिन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९६४ साली असेच क्लब सुरू केले, पुढे ते इटलीत पुष्कळ पसरले. तिथेही आठवड्याला कुटुंबं एकत्र बसतात, आणि बारा कुटुंबांच्या वर गेलं की क्लबाचे दोन क्लब करतात. गर्दी झाली की गप्प बसणारा माणूस मागे सरकतो आणि एक दिवस यायचा थांबतो. तुमची बारा घरं झाली की दुसरी बैठक बारव्ह्यात नाहीतर दिघोरीत सुरू करा, लाखांदुरातली खोली मोठी करत बसू नका.

आता जागेचं. आपलं गाव तीन जिल्ह्यांच्या काठावर. शेजारी वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्हा, तिथे १९९३ पासून दारूबंदी. तिकडे ब्रह्मपुरी, चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. आपल्या भंडारा जिल्ह्यात परवान्याची दुकानं. त्यामुळे बंदीच्या जिल्ह्यातला पिणारा आपल्याकडे येतो. तोच उद्या तुमच्या खोलीतही येऊ शकतो, त्याला परका समजू नका. खोली बसस्टँडपासून चालत जाता येईल अशी घ्या, तळमजल्यावर घ्या, देशीच्या दुकानाच्या वाटेवर नको, कोण्या पक्षाच्या ऑफिसाला लागून नको. बोर्डावर ‘व्यसनमुक्ती केंद्र’ लिहू नका. लिहिलंत तर माणूस चारदा समोरून जाईल आणि आत येणार नाही. शिवाय लोक पेशंट आणून टाकतील. रात्री कुणाला ठेवायचं नाही, कोंडायचं तर नाहीच. रुग्ण दाखल करून घ्यायचे तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे नोंदणी, डॉक्टर, सगळं लागतं. तुमचं काम वेगळं आहे.

आता दारू एकदम थांबवण्याबद्दल मी जरा जोर देऊन बोलते, कारण यात जीव जातात. रोज भरपूर पिणारा माणूस तुमचं ऐकून एकदम थांबला, तर त्याला शाबासकी देऊन घरी पाठवू नका. थांबल्यावर काही तासांत हात कापतात, घाम सुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कुणी बरळायला लागतो, भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं दिसतात, ताप चढतो. गावात म्हणतात बाहेरचं लागलं, आणि नेतात पुजाऱ्याकडे. बाबू, तो दवाखान्याचा पेशंट आहे, त्याच रात्री न्यायचा. ग्रामीण रुग्णालयात न्या, तिथून सांगतील तसं भंडाऱ्याला न्या. आणि डॉक्टरला हे आधी सांगा की हा रोज पितो, शेवटचं कधी प्यायला, किती प्यायला. घरची माणसं लाजेने लपवतात आणि नुसतं ‘अशक्तपणा आहे, सलाईन लावा’ म्हणतात. अशा माणसाला ग्लुकोजच्या आधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन लागतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पूर्वी कधी थांबताना झटका आलेला असेल तर त्याला घरी थांबवूच नका.

चहात कालवायचं औषध कुणी विकायला आणलं तर दारातून परत पाठवा. ‘न सांगता दारू सोडवा’ असल्या जाहिराती बायका फार आशेने वाचतात. त्यांना रागावू नका, पण समजावून सांगा. डायसल्फिरम नावाची गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब पडतो, जीवही जाऊ शकतो. ती गोळी उपयोगी आहे, पण डॉक्टरने तपासून द्यायची आणि घेणाऱ्याला माहीत असताना द्यायची.

ज्याला दाखल व्हायचं आहे त्याच्यासाठी पुण्याचं मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ते १९८६ साली सुरू केलं, पु. ल. देशपांड्यांनी त्यासाठी मदत दिली. तिथला मुक्काम साधारण पस्तीस दिवसांचा. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून मुक्तिपथ चालू आहे, त्यांनी तालुक्याच्या गावी उपचाराची सोय केली. त्या लोकांना एकदा भेटून या. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा फोन १४४४६ आणि मन खचलं तर टेलिमानसचा १४४१६, हे दोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. कुणी ‘आता जगून काय करू’ असं हसत हसतही बोलला तर ते खरं धरा. त्याच्या घरी फवारणीचं औषध कुठे ठेवलंय ते विचारा आणि ते त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी हलवा. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका.

खोलीत काय बोलायचं? स्वतःचं. ‘तू असं कर’ हे वाक्य तिथे नको, ‘माझं असं झालं’ एवढंच. ऐकलेलं बाहेर जाणार नाही, याची हमी पहिल्या दिवसापासून हवी. लहान गाव आहे, एकदा जरी एखाद्याच्या घरातली गोष्ट पानठेल्यावर ऐकू आली तर खोली संपली समजा. काम मात्र प्रत्येकाला द्या. न्यूयॉर्कला १९४८ साली फाउंटन हाउस सुरू झालं, मनाच्या आजारातून दवाखान्याबाहेर आलेल्यांसाठी. तिथे येणाऱ्याला पेशंट म्हणत नाहीत, सभासद म्हणतात, आणि घर सभासद कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने चालवतात. तुमच्याकडे कुणी चहा ठेवील, कुणी झाडेल, कुणी न आलेल्याला फोन करील. ज्याच्या हाती वर्षानुवर्षं घरातल्या कुणी दहा रुपये दिले नाहीत, त्याच्याकडे दूध-साखरेचा हिशोब द्या. मोठी रक्कम कुणा एकाकडे राहू देऊ नका, आणि खोलीतल्या कुणी कुणाला उसने देऊ नका. पैशाने मैत्री तुटते आणि तुटली की माणूस जुन्या वाटेला जातो.

तंबाखूचा खर्रा खोलीबाहेर. यावर भांडण होईल, होऊ दे. दारू सोडलेला माणूस दिवसाला पाच-सहा पुड्या घोटायला लागतो आणि घरचे म्हणतात, दारूपेक्षा बरं. तोंड न उघडणारे, गालात जखम घेऊन येणारे पेशंट मी पाहिले आहेत. चहासोबत फुटाणे, गूळ, मुरमुरे ठेवा. दारूची तलफ आली की ती बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते, आणि भूक, राग, एकटेपणा, थकवा यांतलं काहीतरी तिच्यामागे असतं. पहिल्यांदा खायला द्या, मग बोला.

बायकांसाठी आठवड्यातून एक दुपार ठेवा. त्यांना पहारेकरी करू नका. खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं, हे करून त्या आधीच थकलेल्या असतात. त्यांना आपसात बसून बोलू द्या, पुरुष एकही नको. पिणाऱ्या बायकाही येतील, त्यांना वेगळी वेळ द्या, त्यांना पुरुषांपेक्षा जास्त नावं ठेवतात. कुणी दारूचं दुकान बंद करायला बाटली आडवी करायची मोहीम काढली तर बायका खुशाल जातील, तो त्यांचा हक्क आहे, मी स्वतः जाईन. पण खोली त्या मोहिमेचं ऑफिस होऊ देऊ नका. आज दुकानात बसलेला माणूस उद्या तुमच्या दारात यायचा आहे.

आता दिवस सांभाळायचे. पोळ्याचा दुसरा दिवस, धुळवड, लग्नाच्या वराती, निवडणुकीच्या आदल्या रात्री, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याहून मोठा धोका धानाचे चुकारे जमा होतात त्या आठवड्यात असतो. खात्यात पैसा आला, जुना दोस्त भेटला, झालं. त्या आठवड्यात बँकेत एकट्याने जायचं नाही. खोलीतल्या एकाला आणि घरच्या बाईला सोबत न्यायचं, आधी सोसायटीचं कर्ज, मग किराणा. मिरची तोडून तेलंगणातून परतणाऱ्यांचंही तसंच, बसमधून उतरल्यावर आधी खोलीवर यायला सांगा. फागुन-चैतात मोहाची फुलं पडतात. वेचू नका असं गरिबाला सांगू नये, त्याचं त्यावर पोट आहे. पण वाळलेली फुलं घरात साठवायची नाहीत, लगेच विकायची.

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा लागतात, बैलांचे पट भरतात, आणि वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव रात्रभर नाटकं करतात. आपल्या झाडीपट्टीच्या माणसाला नाटकाला जाऊ नको म्हणणं म्हणजे जगू नको म्हणणं. जा, पण चौघे मिळून जा, पोटभर जेवून जा, एकत्र बसा. एकाला जरी अस्वस्थ वाटलं तरी चौघेही उठून घरी या, मग पुढचा अंक कितीही रंगात आलेला असो.

एवढं करूनही कुणी घसरेल. पहिले तीन महिने फार नाजूक असतात. पिऊन आलेल्याला हाकलू नका, सभेत बोलूही देऊ नका. बाहेर बाकावर बसवा, चहा द्या, एकाने घरी पोचवा. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत त्याच्या घरी जा. ‘का प्यायलास’ विचारू नका, तो रात्रभर स्वतःला तेच विचारत असतो. ‘सांजेला ये, झाडायची पाळी तुझी आहे’ एवढं म्हणा. मग सावकाश काढा, काल चारपासून काय काय झालं, कोण भेटलं, जेवला होता का. पुढच्या वेळी कुठे अडवायचं ते त्यातून कळतं. तो येईना तर पुन्हा जा. चौथ्यांदा जायला कंटाळा येतो, आणि बरेचदा माणूस चौथ्यांदाच उठतो.

सुरुवात पोळा आटोपल्यावर करा, म्हणजे पहिली मंडई लागायच्या आधी खोलीला दोन महिने मिळतील. सहा महिन्यांचं भाडं आधी जमवा. किल्ल्या तीन करा, एकट्या तुझ्याकडे ठेवू नको, तुलाही ताप येईल, तुझ्याही घरी लग्न निघेल. रोजच्या वेळा ठरल्या की मला कळव. पहिल्या आठवड्यात रक्तदाबाचं मशीन घेऊन मी येते, आणि झटके आलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं ते तुम्हा सगळ्यांना करून दाखवते.