वाईनच तर आहे!

"वाईनच तर आहे, ती काय चढणार!" हे आमच्या चौघांत आधी कोण म्हणालं, ते आता कुणीच कबूल करत नाही. फेब्रुवारीतला रविवार. पहाटे संभाजीनगरच्या सिडकोतून निघायचं, वैजापूर-येवला-विंचूर करत नाशिक गाठायचं, तीन वायनऱ्या पालथ्या घालायच्या आणि रात्री घरी. जाऊन-येऊन पावणेचारशे किलोमीटर. गाडी माझी, चालवणाराही मीच.

आमच्या शेजारच्या दौलताबादला द्राक्षं वर्षातून दोनदा येतात, असं इब्न बतूता या प्रवाशाने चौदाव्या शतकात लिहून ठेवलंय. तेव्हा आम्ही संभाजीनगरकर द्राक्षाला काही नवखे नाही. पेल्याला मात्र होतो.

टेस्टिंगला एका वाईनचे साधारण 30 मिली ओततात. घोटभरच, म्हणून कुणी मोजत नाही. पण सहा प्रकार म्हटले की 180 मिली, तीन ठिकाणी मिळून 540. बाटली असते 750 ची. म्हणजे नुसती 'चव बघत' मी पाऊण बाटलीच्या आसपास पोचलो होतो, तेही वैजापूरला खाल्लेल्या पोह्यांवर. दुपारचं जेवण राहूनच गेलं, कारण तिसरी वायनरी बंद व्हायच्या आत गाठायची होती.

टेबलावर थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं. तोंडात घोळवायचं, चव कळली की त्यात टाकायचं. आम्ही ते बघून हसलो. पैसे मोजून घेतलेलं थुंकायचं? आणि चार लोकांत थुंकायचं कसं? आज सांगतो, त्या टेबलावरची सगळ्यात शहाणी वस्तू तीच होती.

परतताना अंधार पडला. येवल्याच्या अलीकडे समोर रस्ता मोकळा दिसत होता. एकदम हेडलाइटच्या उजेडात पाचटाचे झुबके लोंबताना दिसले. मग ऊस दिसला, मग कळलं की हा ट्रॅक्टर आहे, मागे दोन ट्रॉल्या, ना दिवा, ना रिफ्लेक्टर. द्राक्षाचा आणि उसाचा हंगाम एकाच वेळी चालतो, हे ठाऊक असूनही डोक्यात आलं नव्हतं. ब्रेक दाबायला मला जो उशीर झाला, तो अजून पायात जाणवतो. गाडी खाली उतरली, डावा आरसा बाभळीत गेला आणि आम्ही कांद्याच्या वावराच्या कडेला थांबलो. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताही नसावा. त्याचं गाणं पुढे जाताना ऐकू येत होतं.

पुढे लागलेल्या ढाब्यावर मी एकामागून एक तीन चहा मागवले. आमच्या चौघांतला डॉक्टर मित्र म्हणाला, "चहाने झोप उडते रे, नशा नाही. यकृत आपल्याच चालीने चालतं." खाटेवर पहाटेपर्यंत पडून राहिलो. रक्तात 100 मिलीला 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हेही त्यानेच तिथे सांगितलं. जाताना सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण जाताना तोही हसतच होता.

आता जातो तेव्हा गाडी माझीच, पण चालवायला ड्रायव्हर घेतो, त्याच्या जेवणाची आणि झोपायची सोय आधी बघतो आणि नाशिकला मुक्काम करतो. दिवसाला एकच वायनरी, फार तर दोन. आधी मिसळ, तीही पोटभर. रविवार टाळतो, आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलं तर माहिती देणारा माणूस घाई करत नाही, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी यातला फरक वेलीपाशी नेऊन दाखवतो. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी दिसली म्हणून बेत आखू नका, त्या दिवशी ड्राय डे असतो. निवडणुकीच्या तारखाही बघा. मतदान संपण्याआधीचे 48 तास विक्री बंद असते.

आणि विकत घेतलेल्या बाटल्या डिकीत टाकून जेवायला बसू नका. पुढच्याच वर्षी, मार्चच्या उन्हात, एका शिराझचं बूच तापून वर सरकलं. डिकीतल्या कार्पेटवर पडलेला जांभळा डाग दोन सर्व्हिसिंगनंतरही गेलेला नाही. भाजीची पिशवी ठेवताना बायको अजून तो डाग टाळून ठेवते.