संगणकाची तारीख मागे का जाते?

शिक्षक मित्रांनो, सातारा-सांगलीकडे जूनमध्ये शाळेचा संगणक कक्ष उघडला, की एखादा पीसी हमखास भलतीच जुनी तारीख दाखवतो आणि एफ१ दाबायला सांगतो. नेट जोडलं तरी वेबसाइट उघडत नाहीत, कारण तारीख चुकली की त्यांचं सुरक्षा प्रमाणपत्र अवैध ठरतं. लगेच विंडोज नव्याने टाकायला बसू नका, मुलांच्या फाइली उगाच जातील!

दोष बहुधा मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ या ३ व्होल्टच्या बटण सेलचा असतो. प्लग काढलेला असताना घड्याळ हाच सेल चालवतो. सुट्टीभर सगळा भार त्याच्यावर. मीटरवर २.८ व्होल्टच्या खाली दिसला तर बदला. आधी प्लग काढा, क्लिप हळूच दाबा, अधिकची बाजू वर ठेवून नवा सेल बसवा, मग बायोसमध्ये तारीख भरा. तरीही तारीख मागे गेली तर क्लिपवर गंज आहे का बघा. नदीकाठच्या दमट खोल्यांत तो धरतोच.

काढलेला सेल मात्र टेबलावर ठेवू नका. संपलेला असला तरी लहान मुलाने गिळून तो घशाखाली अडकला, तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून कपाटात कुलूपबंद ठेवा. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता एक्स-रेची सोय असलेला दवाखाना गाठा.