धंद्याचा कंटाळा आलाय? घोडेस्वारीच्या कोच लोकांकडे बघा

"सर, धंदा चालतोय, पण पहिल्यासारखी मजा राहिली नाही." असे मेसेज मला आठवड्याला दोन-तीन तरी येतात. खरं सांगतो, मोटिव्हेशनल व्हिडिओ बघून हे जात नाही (माझेसुद्धा!). आपल्याच कामातली माणसं भेटली की जातं. हे मी परवा पाहिलं, तेही माझ्या दुकानाशी काडीचा संबंध नसलेल्या धंद्यात.

पुण्याजवळ घोडेस्वारी शिकवणाऱ्या वीस-बावीस कोचचा दोन दिवसांचा मेळावा होता. मला कॉस्टिंगवर तासभर बोलायचं होतं. हा धंदा किती अवघड आहे बघा. घोड्याला रोज वजनाच्या साधारण दीड ते दोन टक्के सुका चारा लागतो. म्हणजे 400 किलोच्या घोड्याला 6 ते 8 किलो, गिऱ्हाईक येवो न येवो. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद, शिवाय मोतद्दाराचा पगार, डॉक्टर, औषधं. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, बॅच बंद, खर्च चालूच. आपल्या दुकानातला माल निदान खात तरी नाही! त्यात रोज त्याच सूचना: टाच खाली, नजर समोर, पाठ सरळ. चहाच्या वेळी एक कोच ताई म्हणाल्या, "या पावसाळ्यात दोन घोडे विकून बंद करायचं ठरवलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे कोच स्वतः विद्यार्थी झाले. रिकीब काढलेली, लगाम हातात नाही, घोडा लांब दोरीवर गोल फिरतोय आणि मधे उभा दुसरा कोच. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या स्वारांना सुरुवातीचा बराच काळ असंच बसवतात म्हणे, हे तिथेच कळलं. पंधरा-पंधरा वर्षं शिकवणारी माणसं दुडकीवर धपाधप आपटत होती आणि हसत होती. त्या ताई उतरल्या त्या बोलतच: "पहिल्या दिवशी पोरांना किती भीती वाटते, विसरलेच होते मी."

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला वही काढायला लावली. पावसाळ्यात स्वारी नाही, पण शेडखाली मुलांना खरारा करणं, खोगीर घालणं, चारा-पाणी बघणं शिकवता येईल ना? 12 मुलं, महिना 1,500 रुपये, म्हणजे 18,000. दोन घोड्यांचा चारा निघत होता, मोतद्दाराचा पगार मात्र अर्धाच. ताई म्हणाल्या, "अर्धा चालेल. घोडे ठेवते."

आणखी एक गोष्ट मी दुकानासाठी उचलली. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्यावर शिकतो. पायाने इशारा दिला, तो चालला, की पाय त्याच क्षणी सैल सोडायचा. तुमच्या कामाच्या पोराने बिल बरोबर केलं की आपण मागे उभं राहून आणखी चार सूचना देतो ना? तिथे बाजूला व्हायचं.

तुमचं पार्लर असो, बेकरी असो, शिलाईकाम असो, असा मेळावा तुम्ही घरच्या ओट्यावरही भरवू शकता. पाच-सहा जण पुरेत. भाषणं नकोत. प्रत्येकाने सगळ्यांसमोर एक काम करून दाखवायचं, बाकीच्यांनी बघायचं, दुपारी वह्या उघडायच्या. फक्त माणसं वेगवेगळ्या तालुक्यांतली बोलवा. समोरासमोर दुकान असलं की खरेदीचा भाव कोणी खरा सांगत नाही.