भूकंपानंतरचे काम

इ. स. १९९३ च्या सप्टेंबर महिन्याची २९ तारीख. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन आटोपून लातूर जिल्ह्यातील किल्लारी व आसपासच्या गावांतील माणसे रात्री उशिरा निजली. पहाटेचे चार वाजण्यास काही मिनिटे उरली असता धरणी हादरली आणि निद्रिस्त माणसांवर त्यांचीच घरे कोसळली.

ही घरे दिसावयास मोठी भक्कम होती. दीड-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती व त्यांवर मातीचे जाड माळवद. उन्हाळ्यात ती थंडगार राहत. परंतु भिंतींचे दगड नुसत्या चिखलात रचलेले होते व भिंतीचा आतला थर बाहेरच्या थरास कोठेच बांधलेला नव्हता. धक्का बसताच दोन्ही थर फाकले आणि माळवदाचा सारा भार खाली आला. हजारो माणसे प्राणांस मुकली.

वार्ता पसरताच लष्कराचे जवान, डॉक्टर, विद्यार्थी, व्यापारी असे नाना तऱ्हेचे लोक धावून आले. भर पावसात त्यांनी ढिगारे उपसले, जखमींना बाहेर काढले, मृतांवर अंत्यसंस्कार केले. मात्र त्यांच्याबरोबर नुसते पाहावयास येणाऱ्यांचीही रीघ लागली व रस्ते अडले. मुलांनो, मदतीच्या गाड्यांची वाट बघ्यांनी अडवावी, यास काय म्हणावे? खरा स्वयंसेवक आपली शिदोरी व अंथरूण बरोबर नेतो, आणि गेल्यावर प्रथम विचारतो, “मी काय करू?”

काही आठवड्यांनी गर्दी ओसरली. दु:ख मात्र ओसरले नव्हते. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. हे काम दोन-चार दिवसांचे नव्हे. मूल शिकून मोठे होईपर्यंतचे ते होते.

घरांचे कामही असेच दीर्घकाळ चालले. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. शेकडो गावांत जुनी घरे दुरुस्त व बळकट करावयाची होती. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवावे, माळवदाची माती कमी करावी, भिंतींना चोहोबाजूंनी पट्टा बांधावा, हे घरोघर समजावून कोण सांगणार? ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या प्रयत्नाने हे काम गावातील स्त्रियांवर सोपविण्यात आले. त्यांना ‘संवाद सहायक’ म्हणत. ज्या स्त्रिया पूर्वी गावाच्या बैठकीत क्वचितच बोलत, त्या आता गवंड्याचे काम पारखू लागल्या, सरकारी कचेरीत जाऊन शेजाऱ्यांच्या अडचणी मांडू लागल्या. बाहेरून येणाऱ्यास जे वर्षभर राहूनही उमगले नसते, ते यांना ठाऊकच होते. कोणाच्या घरात कर्ता माणूस उरला नाही, कोणाची भिंत अजून भेगाळलेलीच आहे, याची वेगळी चौकशी त्यांना करावी लागत नसे.

पुढे २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत कच्छच्या भूमीत मोठा भूकंप झाला. तेव्हा मराठवाड्यातील याच स्त्रियांपैकी काही जणी तेथे गेल्या. त्यांची भाषा निराळी होती. तरीही भूकंपात घर गमावलेल्या तेथील स्त्रियांशेजारी त्या बसल्या, आणि पुन्हा घर कसे उभारावे, हे स्वत:च्या अनुभवावरून त्यांना सांगू लागल्या.