सिम्युलेशनमध्ये तर बरोबर येतंय!

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरून गेलेल्या परीक्षकाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: ‘सर, सिम्युलेशनमध्ये तर बरोबर येतंय!’ सिस्टिम्स इंजिनिअरिंग किंवा मॉडेल-बेस्ड डिझाइन घेतलेली मुलं तर ते जास्तच ठामपणे म्हणतात.

एका कॉलेजात चौघांच्या गटाने विजेवरच्या छोट्या गाडीसाठी बॅटरी थंड ठेवणारा पंखा केला होता. बॅटरी 45 अंशांवर गेली की पंखा सुरू. मॅटलॅबच्या सिम्युलिंकमधलं मॉडेल देखणं, आलेख गुळगुळीत, अहवाल स्पायरल बाइंडिंगसकट तयार. एलएम 35 हा तापमानाचा सेन्सर आर्डुइनो उनो बोर्डाला जोडून जानेवारीत पाहिलं, तेव्हा खोलीचं तापमान अचूक दिसलं. परीक्षा झाली ती ऐन उन्हाळ्यातल्या दुपारी. पडद्यावर उमटलं उणे 31, आणि पंखा ढिम्म.

सेन्सर बदलला, तरी उणे 31च. गडबड गुणाकारात होती. सेन्सरकडून आलेला आकडा 500ने गुणायचा आणि 1023ने भागायचा, इतका साधा हिशेब. संगणकावरच्या मॉडेलमध्ये संख्या 64 बिटांची, ऐसपैस. उनोवर साधा पूर्णांक 16 बिटांचा, म्हणजे 32767च्या पुढे जागाच नाही. 65 गुणिले 500 म्हणजे 32500, जेमतेम मावतात. 66 आले की होतात 33000, आणि उत्तर उलटून उणे होतं. हा 66 येतो साधारण 32 अंशांना. म्हणजे पंख्याची गरज नसेल तेव्हा हिशेब चोख, गरज पडली की चुकीचा! कोडमध्ये 500च्या पुढे ‘एल’ हे एक अक्षर जोडलं आणि प्रश्न मिटला. गुण मात्र तोवर गेले होते.

पोरांनी फार मनाला लावून घेऊ नये. याच जातीच्या चुकीने युरोपचं रॉकेट फोडलंय.

4 जून 1996 रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियान 5 पहिल्यांदा उडालं आणि सुमारे 40 सेकंदांत नष्ट झालं. चार क्लस्टर उपग्रहही त्याच्यासोबत गेले. आडव्या वेगाशी निगडित 64 बिटांची संख्या 16 बिटांत कोंबताना मावली नाही, एवढंच कारण. तो कोड एरियान 4वरून उचललेला. तिथे तो बिनबोभाट चालला, कारण त्या रॉकेटचा आडवा वेग सुरुवातीला इतका वाढतच नसे. जोडीला राखीव संगणक होता, पण त्यातही तोच कोड! चौकशी मंडळाने दाखवून दिलेली खरी मेख वेगळीच आहे. ज्या दिशादर्शक यंत्रणेत हा कोड होता, तिच्या लेखी अपेक्षांत एरियान 5च्या मार्गाची माहितीच घातलेली नव्हती, आणि एकत्रित चाचण्यांत खऱ्या यंत्रणेऐवजी तिची सॉफ्टवेअर नक्कल बसवली होती. सिम्युलेशनमध्ये तिथेही बरोबरच येत होतं.

कॉलेजात शिकवली जाणारी ती ‘व्ही’ आकृती नेमकी यासाठी असते. डाव्या बाजूने अपेक्षा लिहीत उतरायचं, उजव्या बाजूने प्रत्येक अपेक्षा तपासत चढायचं. बहुतेक गट ती अहवालासाठी शेवटच्या आठवड्यात काढतात. मग ती नसलेलीच बरी.

त्यामुळे सिम्युलिंक उघडण्याआधी एक पान लिहा. ‘पंखा वेळेवर सुरू व्हावा’ ही अपेक्षा नव्हे, इच्छा झाली. ‘45 अंश ओलांडल्यापासून 2 सेकंदांत पंखा सुरू व्हावा; 0 ते 80 अंशांत वाचन 2 अंशांहून जास्त चुकू नये’, ही तपासता येते. दोघांचं काम जिथे जोडलं जातं, तिथे सिग्नलचं नाव, एकक, बिटं आणि मर्यादा लिहून दोघांनी सही करा. नुसतं लिहूनही भागत नाही. नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरसाठी मेट्रिक एककं कागदावर ठरलेली होती. तरी जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदांत आकडे देत राहिलं, पुढे ते न्यूटन-सेकंद समजून वापरले गेले, आणि 1999मध्ये यान हातचं गेलं. फरक जवळपास 4.45 पट होता.

मॉडेल तपासायच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: आधी मॉडेल, मग त्यातून निघालेला कोड संगणकावर, मग तोच कोड खऱ्या बोर्डावर, आणि शेवटी खऱ्या बोर्डाला खोटी गाडी जोडून. पंखेवाल्या त्या चौघांनी तिसऱ्या पायरीवर सेन्सरला केस वाळवायचा ड्रायर लावला असता, तरी चूक जानेवारीतच सापडली असती.

जमल्यास अशा चमूत शिरा, जिथे वस्तू हातातून खरोखर निघून जाते. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला सुमारे एक किलोचा ‘स्वयम्’ उपग्रह 22 जून 2016 रोजी पीएसएलव्ही-सी34वरून अवकाशात गेला. तिथे नंतर पेचकस घेऊन दुरुस्तीला जाता येत नाही, त्यामुळे तपासायची सवय आपोआप लागते.

मॅटलॅबचा परवाना नसेल तर सायलॅबमधलं एक्सकॉस आणि ओपनमॉडेलिका मोफत मिळतात, आणि आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प दोन्हींचं शिक्षणसाहित्य देतो. नासाची सिस्टिम्स इंजिनिअरिंग हँडबुकही फुकट उतरवून घेता येते. तिच्यातलं अपेक्षा कशा लिहाव्यात ते परिशिष्ट तेवढं पहिल्या सत्रातच वाचून काढा.