दुसरे लेकरू आणि पहाटेचा हंडा

दिवाळीनंतर एक जोडपे दवाखान्यात आले. बाई ३२ वर्षांच्या, रोज एस.टी.ने बिलोलीला नोकरीला जाणाऱ्या. मुलगी सहा वर्षांची. नवरा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हिला ताकदीचं सलाईन लावा. दुसऱ्या लेकराचा विचार आहे." बाई हळूच म्हणाल्या, "लेकरू नको म्हणत नाही साहेब, पण नोकरी सुटंल."

हिमोग्लोबिन नऊ निघाले. पहाटे साडेचारला पाणी, मग डबे, मुलीची शाळा, सासूबाईंची औषधे, साडेआठची गाडी. संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक आणि जेवायला सर्वांत शेवटी. सलाईनने रक्त वाढत नाही, हे मी पंचवीस वर्षे सांगत आलो आहे. लोहाच्या गोळ्या दिल्या; लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा तासभर टाळा, असे सांगितले.

कामाच्या थकव्याने वंध्यत्व येते, असे कोणी समजू नये. प्रश्न वेगळा आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे जातात असे दिसले. पुरुषांची, तीही जे घरकाम करतात त्यांचीच, ८८. मुलांचे आणि आजाऱ्यांचे करणे यात धरलेले नाही. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीनुसार एका स्त्रीमागे सरासरी अपत्ये १.७ वर आली. म्हणजे पाळणे कमी झाले, पण हंडा काही डोक्यावरून उतरला नाही.

दक्षिण कोरियात मुली खूप शिकल्या, नोकरीला लागल्या, घरकाम मात्र त्यांच्याकडेच राहिले. २०२३ साली तेथे हे प्रमाण ०.७२ इतके खाली गेले. घरांच्या किमती, शिकवण्यांचा खर्च हीही कारणे आहेतच. पण २०२३ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल मानकरी क्लॉडिया गोल्डिन यांचे म्हणणे असे, की स्त्रियांचे जग झपाट्याने बदलले आणि पुरुषांच्या घरातल्या सवयी मात्र तशाच राहिल्या, अशा देशांत जन्म फार घटले.

मी त्या गृहस्थांना विचारले, पाणी कोण भरते? "आमच्यात पुरुष पाणी भरत नाहीत." म्हटले, हॉटेलात भाकरी थापणारे, भांडी घासणारे पुरुषच असतात की! ते हसले, पण जरा ओशाळलेच.

संक्रांतीच्या सुमारास दोघे पुन्हा आले. हिमोग्लोबिन अकरा. पाणी आणि मुलीची शाळा आता ते पाहतात. आई कुरकुरते, म्हणाले. दुसऱ्या लेकराचे अजून ठरलेले नाही. डबे मात्र अजून बाईच करतात.