मीठ विरघळते; मग जाते कोठे?

मानवतच्या बाजारात उन्हाळ्यात कुल्फीची गाडी तुम्ही पाहिली असेल. साच्यांभोवती बर्फाचे तुकडे आणि त्यांवर जाडे मीठ टाकलेले असते. नुसता बर्फ वितळताना तपमान ० अंश सेल्सिअसवर थांबते. मीठ मिसळले की बर्फ शून्याखालीही वितळू लागतो, त्यासाठी लागणारी उष्णता कुल्फीतून ओढून घेतो आणि कुल्फी गोठते. मिठाच्या द्रावणाचा गोठणबिंदू फार तर उणे २१ अंशांपर्यंत उतरतो.

हीच युक्ती थंड देशांत रस्त्यांवर वापरतात. आपल्याकडे हिवाळ्यात हुडहुडी भरते, पण रस्त्यावर बर्फ साचत नाही. शिकागो किंवा टोरँटोमध्ये तो साचतो आणि मोटारी घसरतात. म्हणून तेथे मालमोटारी रस्त्यांवर मीठ पसरत जातात. एकट्या अमेरिकेत वर्षाला एक कोटी टनांहून अधिक मीठ असे पसरले जाते. त्याने अपघात टळतात, हे मान्य करायलाच हवे.

बर्फ वितळला की हे खारे पाणी गटारात उतरते. डांबर आणि काँक्रीट यांत ते मुरत नाही. पुष्कळ ठिकाणी पावसाळी गटार शुद्धीकरणावाचून थेट ओढ्यास मिळते. आणि शुद्धीकरण केले तरी काय? सेंद्रिय घाण जीवाणू खातात, गाळ तळाशी बसतो; क्लोराइड मात्र यांपैकी कशालाच दाद देत नाही. ते वाळूच्या गाळणीतून सहज पार होते. पाण्याची वाफ झाली तर ते मागेच राहते.

आता थोडे गणित करा. गोड्या पाण्यातील जीवांसाठी अमेरिकेत १९८८ साली दीर्घकाळची क्लोराइड-मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम ठरली. ५८.५ ग्रॅम मिठात ३५.५ ग्रॅम क्लोराइड असते. म्हणजे एक किलो मिठात सुमारे ६०७ ग्रॅम. एवढे क्लोराइड जवळजवळ २,६४० लिटर शुद्ध पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊन पोहोचवते! चहाचा एक चमचा मीठ, म्हणजे अंदाजे ६ ग्रॅम, किती लिटरांना पुरेल, ते तुम्हीच काढा.

न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळ इरॉन्डक्वॉइट नावाचा उपसागर आहे. रस्त्यांवरील मिठामुळे तेथील क्लोराइड वीस वर्षांत पाचपट झाले. १९६९-७० च्या हिवाळ्यात आलेले खारे पाणी जड असल्याने तळाशी जाऊन बसले. एरवी वसंत ऋतूत वरचे व खालचे पाणी एकमेकांत मिसळते आणि तळापर्यंत प्राणवायू पोहोचतो. त्या वर्षी पाणी पूर्णपणे मिसळलेच नाही. पाण्याकडे नुसते पाहून हे कोणाला कळले असते?

रस्त्याकडेच्या मातीचीही गत पाहा. चिकणमातीचे कण एकत्र धरून ठेवण्याचे काम मुख्यतः कॅल्शियम करते. मिठातील सोडियम त्याची जागा घेतो, कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाण्याचा निचरा मंदावतो. इथे विषय एकदम मानवतच्या शिवारात येतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या भागात बर्फाचे मीठ नाही. पण निचरा नसलेल्या काळ्या रानात पाणी अती झाले की भूजल वर चढते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. क्षार आले कोठून, ही गोष्ट वेगळी, हिशेब तोच.

शाळेत एक प्रयोग करा. दोन पेल्यांत समान काळी माती घ्या. एकात मिठाचे पाणी, दुसऱ्यात पावसाचे पाणी घालून ढवळा. मिठाच्या पेल्यातील गढूळपणा आधी खाली बसेल. एवढ्याने फसू नका. माती बसल्यावर दोन्हींतील पाणी हलकेच ओतून टाका, पुन्हा पावसाचे पाणी घालून ढवळा आणि असे तीन-चार वेळा करा. शेवटच्या खेपेला कोणते पाणी अधिक वेळ गढूळ राहते, ते घड्याळ लावून वहीत नोंदवा.